साळुंकी प्रकाशन, नांदेड

भाऊबीजेच्या सकाळी लातूरची बस नांदेडला पोचेपर्यंत उज्वलाने मनातल्या मनात सुदर्शनशी चार वेळा भांडण केलं होतं आणि चारही वेळा ती हरली होती. म्हणून घरात पाऊल टाकताच तिने भावाला कसा आहेस, काय आहेस काही विचारलं नाही.

"दादा, तो फोन कुठाय?"

"हळू," सुदर्शन म्हणाला. "आई देवापाशी हाय."

"कुठाय?"

"ज्वारीच्या डब्यात. बंद करून पुरून ठेवलाय."

जिल्हा परिषदेत वीस वर्षं फायली सांभाळलेल्या माणसाने फोन ज्वारीत पुरावा, यावरून त्या घरात भीती किती खोल गेली होती ते समजावं. फोन कुणा माणसाचा नव्हता. तो साळुंकी प्रकाशनाचा होता, आणि साळुंकी प्रकाशन म्हणजे दुसरं काही नसून आईच्या दिवाणाखाली रचलेल्या पुस्तकांच्या एकशे ऐंशी प्रती.

उज्वलाने ‘थोरलीचा वाटा’ लिहून पूर्ण केलं तेव्हा ते स्वतःच छापायचं हे ठरलेलंच होतं. पण लातूरला जिथे पानं जुळवायला दिली होती, तिथल्या माणिकप्पांनी तिला शहाणं केलं. "म्याडम, लेखिकेनं सोताच छापलंय असं दिसलं की दुकानदार पुस्तक हातात घेऊन वजन केल्यासारखं करतो अन् माघारी देतो. काही तरी प्रकाशन म्हणून नाव टाका की हो." नाव टाकायचं तर मालक हवा. उज्वला अनुदानित शाळेत शिक्षिका, सुदर्शन सरकारी नोकर. दोघांनाही धंदा चालत नाही. मग सुदर्शनने या घरात जे नेहमी होतं तेच केलं. गॅस आईच्या नावावर होता, प्लॉट आईच्या नावावर होता, सुदर्शनच्या मुलीची, ऋतुजाची, स्कूटीसुद्धा आईच्या नावावर होती. प्रकाशनही आईच्या नावावर झालं. आईने, केवळाबाईंनी, दाखवलं तिथे सही केली आणि नाव काय ठेवायचं यावर पोरांचा वाद चालला असताना शेंगा फोडता फोडता म्हणाल्या, "साळुंकी ठेवा की." सगळ्यांना आवडलं. ऋतुजाने लगेच कागदावर पक्षी काढून दाखवला.

पुस्तकावर लेखिका म्हणून उज्वलाचं नाव नव्हतं. सुमित्रा सोनखेडकर असं बेतलेलं नाव होतं. आत गावाचं नाव वेगळं, माणसांची नावं वेगळी. दुसऱ्या पानावर फक्त ‘साळुंकी प्रकाशन, नांदेड’ आणि एक मोबाईल नंबर. त्या पानाकडे कोण बघतं?

वैजनाथमामांनी बघितलं होतं. आठ दिवसांपूर्वी त्या नंबरवर फोन आला. "हॅलो, साळुंकीचे मालक कोन हायत?" हा आवाज सुदर्शनने जन्मभर ऐकलेला. त्याने नाक दाबून "रॉंग नंबर" म्हटलं. पलीकडून मामा शांतपणे म्हणाले, "नंबर तर पुस्तकावर छापलाय की," आणि सुदर्शनने फोन बंद केला.

"त्यांनी आवाज ओळखला असंल का?" उज्वलाने आता दहाव्यांदा विचारलं.

"मला काय म्हाईत? तुला लिहायची हौस. मामांनी थोरल्या मावशीला फसवून जमिनीच्या हक्कसोडीवर सही घेतली, हे लिहायची काय गरज होती?"

"घेतली का नाही?"

"घेतली असंल! सदतीस वर्सं झाली. मावशी गेलीसुद्धा. आता मामानं मानहानीची केस टाकली तर कोर्टात कोण उभं राहील? सुमित्रा सोनखेडकर?" सुदर्शनने देवघराकडे बोट दाखवलं. "ती उभी राहील. बहात्तर वर्साची."

 हे उज्वलाला बसमध्येही सुचलं होतं, आणि याच ठिकाणी ती चारही वेळा हरली होती. तिने लिहिलं होतं आणि लपली होती. पुढे आई उभी होती. पुस्तकात कुणाची गोष्ट आहे हे आईला तर माहीतही नव्हतं, असं त्या दोघांना वाटत होतं.

"आईला सांगायचं का?" तिने विचारलं.

"सण होऊ दे. मामा ओवाळून घेतील, जेवतील, जातील. त्यांना काही कळलं नसंल तर आपण कामून तोंड उघडायचं?"

बाहेर जीप थांबल्याचा आवाज आला. भोकरहून मामा आले होते, दरवर्षीपेक्षा दोन तास लवकर.

*

सुदर्शनची बायको माहेरी उदगीरला गेलेली. म्हणून चहा ऋतुजाने केला. मामा नेहमीसारखे खुर्ची सोडून दिवाणावर बसले, पाय वर घेऊन, मांडी घालून. त्यांच्याखाली लाकडाची एक फळी आणि फळीखाली एकशे ऐंशी पुस्तकं.  फळी करकरली तेव्हा सुदर्शन उगीचच खोकला.

"अक्का कुठाय?"

"ताट करून राहिली ओवाळायचं. येतीच."

"येऊ दे. गडबड न्हाई." मामांनी काखेतली पिशवी मांडीवर घेतली, आतून पुस्तक काढलं. वाचनालयाचं प्लास्टिकचं कव्हर घातलेलं. सुदर्शनने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, उज्वलाने फरशीकडे.

"आमच्याकडं एक मास्तर हाय, बालाजी म्हनून. त्यानं आणून दिलं. म्हनला, बापू, हे तुमच्या घरावानी वाटून राहिलं. म्या वाचलं." मामांनी पानं उगीच फडफडवली. "दोन दिस लागले. डोळ्याला पानी येतंय."

"कादंबऱ्या म्हणजे काय मामा," सुदर्शन म्हणाला, "सगळ्या घरांत तेच असतंय. कुणालाबी आपलंच वाटतं."

"हाव की. तू वाचलीस?"

"न्हाई."

"मग कादंबरी हाय हे कसं कळलं?"

 उज्वला भावाच्या मदतीला धावली, आणि धावली नसती तर बरं झालं असतं. "कव्हरवरून वाटतं ना मामा."

"कव्हर." मामांनी पुस्तक उलटं केलं आणि मागच्या बाजूचा छोटा पक्षी अंगठ्याने पुसल्यासारखा केला. "ऋतुजा, हिकडं ये गं. ही चिमणी बघ कशी काढलीय."

"चिमणी नाही ती, मामाआजोबा," ऋतुजा ताडकन म्हणाली. "साळुंकी आहे. डोळ्याभोवती पिवळं केलंय बघा ना."

‘केलंय’ हा शब्द खोलीत तसाच राहिला. सतरा वर्षांच्या पोरीला आपलं चित्र कुणी चिमणी म्हटलेलं सहन होत नाही, हे सुदर्शनने आधी ध्यानात घ्यायला हवं होतं.  ती कपबशी उचलून आत गेली.

"सुदर्शन," मामा म्हणाले, आवाज अजिबात न चढवता, "तू हापिसातला मानूस. ह्या साळुंकीचा मालक कोन हाय, हुडकून देतो का?"

"बघतो मामा. दिवाळीची सुट्टी झाली की."

"बघ. पन लई उशीर करू नगं. माझ्या वकिलाला घाई हाय."

*

केवळाबाईंनी स्वयंपाकघरातून सगळं ऐकलं होतं. कान त्यांचे चांगले होते; पोरांना वाटायचं तेवढी ती बाई अजाण नव्हती. ‘थोरलीचा वाटा’ त्यांनी दुपारी दुपारी ऋतुजाकडून वाचून घेतलं होतं, दोनदा. पुस्तकातल्या थोरलीला नवऱ्याने टाकलेलं होतं आणि ती भावाकडे येऊन राहिली होती. भावाने सरकारच्या निराधार योजनेच्या पगाराचा कागद म्हणून हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली. जमीन गेली आणि मग घरातली जागाही गेली. थोरली उदगीरला एका वसतिगृहात भाकऱ्या थापत म्हातारी झाली. सगळं खरं होतं. त्यांच्या थोरल्या बहिणीचं, चंद्रप्रभाअक्काचं, तसंच झालं होतं.

फक्त एक खरं नव्हतं. पुस्तकातली धाकटी बहीण त्या दिवशी सासरी होती. तिला हे सगळं वर्षभराने कळतं आणि ती धाय मोकलून रडते. ऋतुजाने ते पान वाचलं तेव्हा तिचेही डोळे भरले होते. केवळाबाईंचे भरले नव्हते. कारण त्या दिवशी केवळा सासरी नव्हती. ती भोकरला, रजिस्ट्री हापिसात, चंद्रप्रभाच्या शेजारी बाकावर बसलेली होती. हक्कसोडपत्राच्या शेवटच्या पानावर साक्षीदार म्हणून तिचीच सही होती, आणि कागद कशाचा आहे हे तिला पुरतं ठाऊक होतं.

हे दोघांनाच माहीत होतं. एक ती आणि एक बाहेर दिवाणावर बसलेला वैजू.

केवळाबाईंनी ताटात निरांजन ठेवलं. कोर्टाचं त्यांना फारसं काही वाटत नव्हतं. कोर्ट काय करणार, बसवून ठेवणार. पण उज्वलाने ते पान कसं लिहिलं असेल, आईवर किती माया करून लिहिलं असेल, याचा विचार आला की त्यांना भीती वाटायची. पोरीने आपल्याला त्या गोष्टीतून सोडवून बाहेर ठेवलं होतं. खरं काय ते तिला कळलं तर ती पुन्हा या उंबऱ्यात येईल का?

"आजी," ऋतुजा पदराशी येऊन कुजबुजली, "माझ्यामुळं कळलं त्यांना."

"न्हाई गं बाई. त्याला आधीच कळलंय. रांगोळी झाली का?"

पाट मांडला. वैजनाथराव टोपी घालून पाटावर बसले. केवळाबाईंनी कुंकू लावलं, अक्षता लावल्या, सुपारी फिरवली. सासरी आल्यापासून शेहेचाळीस भाऊबीजा झाल्या, पण धाकट्या भावाच्या डोळ्यांत बघायचं त्यांनी टाळलं असं पहिल्यांदाच झालं. निरांजन तीनदा ओवाळून ताट पुढे धरलं. वैजनाथरावांनी साडीचा पुडा ताटात ठेवला. त्याच्यावर घडी घातलेला स्टॅम्पपेपर ठेवला. त्याच्यावर पेन ठेवलं.

"ही काय रं ओवाळणी?" केवळाबाई म्हणाल्या.

"साळुंकीच्या मालकिणीला हाय."

सुदर्शनने भिंतीला हात टेकला.

"फोन केला तो नुसता बघाया. मी कुनाला इचारत फिरलो न्हाई," वैजनाथराव म्हणाले. "गरजच न्हवती. चंद्राअक्का दिसभर बडबडायची मनून तिला साळुंकी मीच म्हनायचो. अप्पा गेले, माय गेली, ती गेली. आता ते नाव म्हाईत असलेली दोनच मानसं ह्या जगात हायत. मी तर प्रकाशन काढलेलं न्हाई."

उज्वला आईकडे बघतच राहिली. शेंगा फोडता फोडता सुचलेलं नाव!

"सुदर्शन, वाच कागद."

सुदर्शनने वाचला. मी केवळाबाई हणमंतराव बारडकर, साळुंकी प्रकाशनाची मालक, लिहून देते की, सदर पुस्तकातील मजकूर खोटा व खोडसाळ असून कोणाच्या तरी सांगण्यावरून छापला गेला आहे. शिल्लक प्रती मी नष्ट करीत आहे व पुन्हा कधीही छापणार नाही. वाचता वाचता त्याला हायसं वाटत गेलं. लेखिकेचं नाव नव्हतं. नुकसानभरपाई नव्हती. एक सही, आणि संपलं.

"आई," तो म्हणाला, "कर सही. मामा चांगल्यानं सांगून राहिले. कोर्टकचेरी करण्यापरीस…"

"दादा!"

"तू गप. तुझ्यामुळंच हे. घे ना मग तुझ्या नावावर! तुझ्या शाळेत कळव, मीच लिहिलं म्हणून!"

उज्वलाने तोंड उघडलं, आणि तिच्या तोंडून जे आलं त्याची तिलाच पुढे कित्येक वर्षं लाज वाटणार होती. ती म्हणाली, "आई, कर सही. जाऊ दे ते पुस्तक. तुला काही झालं तर मी काय करू?"

"आत्या, तूसुद्धा?" ऋतुजा म्हणाली. तिच्याकडे कुणी पाहिलं नाही.

वैजनाथरावांना बरं वाटायला हवं होतं. सगळं घर त्यांच्या बाजूला आलं होतं. पण वाटत नव्हतं. पुस्तकाचं त्यांना काही नव्हतं. गावात वाचणारे किती? त्यांना भीती वाटायची ती त्या पक्ष्याची. रात्री वाचनालयाचं पुस्तक ते पालथं करून ठेवत, तर पक्षी वर यायचा. उताणं ठेवलं तर आतलं आठवायचं. गावात त्यांचं नाव होतं, बहिणींची भाऊबीज कधी न चुकवलेला भाऊ म्हणून. ते नाव खरं असावं असं त्यांना म्हातारपणी फार वाटायला लागलं होतं.

"अक्का, पेन घे," ते म्हणाले. मग पिशवीवर हात ठेवून हळूच म्हणाले, "दुसराबी एक कागद आनलाय मी. जुना. त्याची झेरॉक्स. तो पोरांसमोर काढायची पाळी माझ्यावर आनू नगंस."

"कसला कागद?" उज्वलाने विचारलं.

  केवळाबाईंच्या हातात ताट होतं, निरांजन जळत होतं. ताट खाली ठेवल्याशिवाय पाटावरून भावाने उठायचं नसतं, म्हणून वैजनाथराव बसून राहिले आणि त्या उभ्या राहिल्या. एक सही. ती केली तर उज्वला आपली राहते, माहेर राहतं, पुढच्या वर्षी हाच पाट, हीच रांगोळी. चंद्राअक्काचं काय, ती मेलेली. तिने तेव्हाही तक्रार केली नव्हती.

त्यांनी पेन उचललं. 

"उज्वला," त्या म्हणाल्या, "तुमच्या पुस्तकांत चूक झाली तर काय करत्यात?"

"काय?"

"छापून झाल्यावर चूक सापडली तर."

"दुसऱ्या… दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त करतात. आई, हे आता कशाला?"

"तुझ्या पुस्तकात चूक हाय."

"अक्का," वैजनाथराव म्हणाले.

"तू गप बस रं. मालक मी हाय का तू?" आवाज फाटला होता, पण थांबला नाही. "उज्वला, त्यातली धाकटी सासरी न्हवती. मी तुला खोटं सांगितलं. ती तिथंच व्हती, बाकावर, थोरलीला खेटून. थोरलीला सहीपुरतंच नाव लिव्हता यायचं, वाचता येत न्हवतं, हिला जरा येत व्हतं. हिनं कागद वाचला व्हता. वैजूच्या पिशवीत झेरॉक्स हाय, काढ म्हनावं. शेवटच्या पानाला साक्षीदार कोन हाय ते बघ."

पिशवी कुणी उघडली नाही. वैजनाथरावांचा हात तिच्यावरून घसरून मांडीवर पडला. सदतीस वर्षं जपलेलं हत्यार बहिणीने त्यांच्या हातातून काढून स्वतःच्याच पोटात खुपसून घेतलं होतं.

"लोकं थुंकत्याल तुझ्यावर," ते कसंबसं म्हणाले. "माझ्यावर थुंकत्याल, त्याच्या दुप्पट तुझ्यावर."

"थुंकू दे."

"भ्याव न्हाई वाटत?"

"लई वाटतंय, वैजू." केवळाबाई त्याच्याकडे बघत नव्हत्या. त्या उज्वलाकडे बघत होत्या. "तुझं न्हाई. हिचं."

उज्वला भिंतीला टेकून बसली होती. ती कधी खाली बसली ते तिलाही कळलं नव्हतं. दोनशे पानं तिने रात्रंदिवस जागून लिहिली होती, मावशीवर कुणीकुणी अन्याय केला याचा हिशोब मांडला होता, आणि आईला हात धरून त्या हिशोबाबाहेर नेऊन बसवलं होतं. आता आई स्वतःहून आत येऊन उभी राहिली होती. आईचा तिरस्कार वाटेल की काय या भीतीने तिने डोळे मिटून घेतले. मग उघडले. समोर ताट धरलेली बाई तशीच उभी होती आणि निकालाची वाट बघत होती.

सुदर्शन म्हणाला, "आई, बस खाली आधी. ताट दे इकडं."

"न्हाई. हिला काय म्हनायचं ते म्हनू दे."

 वैजनाथराव पाटावर मान खाली घालून बसले होते. कुंकवावरची अक्षता त्यांच्या भुवईवर ओघळून आल्या होत्या आणि त्या पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

उज्वलाला विचारायचं होतं, का केलंस? पण ते विचारायची गरज नव्हती. माहेर जाईल म्हणून केलं, इतकं ती समजत होती. तिला दुसरंच काही हवं होतं, आणि ते आपल्याला का हवंय याची तिला भीती वाटली. तरी ती बोललीच. आवाज इतका बारीक होता की केवळाबाईंना पुढे वाकावं लागलं.

"मावशीनं सही करायच्या आधी तुला काही विचारलं होतं का?"

"विचारलं की."

"काय?"

केवळाबाईंनी ताट दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"‘काय लिव्हलंय गं केवळा यात?’ म्हनली. म्या म्हनलं, ‘तुझ्या भल्याचंच हाय.’"